भिलाईचा हिशोब: एका पोलाद कारखान्याने देशाला काय दिलं, कोणाकडून काय घेतलं



आज एका आवाजापासून सुरुवात करतो. तुमच्यापैकी जे पन्नाशीच्या पुढचे आहेत, त्यांनी रात्रीच्या रेल्वे प्रवासात बर्थवर पडल्या पडल्या तो आवाज ऐकलेला असेल. खटक्-खटक्, खटक्-खटक्. तो रुळांच्या सांध्यांचा आवाज. पूर्वी रूळ साधारण १३ मीटर लांबीचे यायचे. दोन रुळांच्या मध्ये थोडी फट ठेवायची, कारण उन्हाळ्यात लोखंड प्रसरण पावतं. प्रत्येक चाक त्या फटीवरून जाताना आदळायचं. आज तो आवाज बऱ्याच मार्गांवर जवळजवळ नाहीसा झालाय, कारण रूळ जागेवर जोडून सलग केले जातात आणि मुळात कारखान्यातूनच लांब निघतात. भिलाईच्या कारखान्यात आज १३० मीटर लांबीचा अखंड रूळ तयार होतो. असे दोन रूळ जोडून २६० मीटरची पट्टी करतात आणि ती खास मालगाडीवर लादून पाठवतात. मुंबईची लोकल असो की जम्मूची गाडी, तुम्ही आयुष्यभर ज्या रुळांवरून फिरलात, त्यातले बहुतेक रूळ या एका गावातून आले आहेत.

माझं बालपण त्या गावात गेलं. बाबा भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून तिथे नोकरीला गेले आणि रेल मिलमध्येच निवृत्त झाले. घरात मराठी, गल्लीत हिंदी, भाजीबाजारात छत्तीसगढी, एका शेजारी तेलुगू, दुसऱ्या शेजारी बंगाली, असं आमचं चालायचं. दिवसाचे तीन भाग कारखान्याच्या पाळ्यांनी पडायचे. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. बाबा रात्रपाळीला असले की आई आम्हाला दिवसा ओरडू द्यायची नाही. "बाबा झोपलेत, देशाचे रूळ बनवून आलेत," असं ती म्हणायची. ती हे थोडं थट्टेने म्हणायची आणि थोडं अभिमानाने. आज मी त्या वाक्याचा जरा खोलात जाऊन हिशोब मांडणार आहे. नव्याने उभ्या राहणाऱ्या देशात पोलादाचा कारखाना नेमकं काय करतो? आणि त्याची किंमत कोण देतं?

गोष्ट १९५५ पासून सुरू होत नाही. ती त्याच्या पन्नासेक वर्षं आधी, आणि तीही नागपुरात सुरू होते.

जमशेदजी टाटांनी १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल काढली. मध्य प्रांताशी त्यांचा संबंध जुना. १८८२ मध्ये चांदा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडच्या लोहखनिजावरचा एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल त्यांच्या हाती पडला. लोहाऱ्याचं खनिज उत्तम आणि जवळच वरोऱ्याला कोळसा. पण वरोऱ्याचा कोळसा पोलादाच्या कामाचा निघाला नाही. त्यात त्या काळचे खाणींचे सरकारी नियम इतके जाचक होते की तो बेत मागे पडला. पुढे लॉर्ड कर्झनच्या काळात नियम सैल झाले आणि जमशेदजींनी पुन्हा उचल खाल्ली. त्यांचा मुलगा दोराबजी आणि अमेरिकेतून आलेला भूगर्भतज्ज्ञ चार्ल्स वेल्ड चांद्याच्या जंगलात फिरले. या खेपेलाही जमलं नाही.

चांद्याचा नाद सोडण्याच्या बेतात असताना दोराबजी नागपूरच्या सचिवालयात एका अधिकाऱ्याला भेटायला गेले. साहेबांची वाट बघायची होती, म्हणून ते वेळ काढायला जवळच्या संग्रहालयात शिरले. हेच आपलं नागपूरकरांचं अजब बंगला. तिथे मध्य प्रांताचा भूगर्भीय नकाशा टांगलेला होता आणि त्यावर द्रुग, म्हणजे आजच्या दुर्ग जिल्ह्यात लोहखनिजाची गडद खूण दिसत होती. ती पाहणी भूगर्भ खात्यात काम केलेल्या प्रमथनाथ बोस यांची. दोराबजी आणि वेल्ड तिकडे गेले, आणि दल्ली व राजहरा या डोंगरांवर चालताना पायाखाली जवळजवळ नुसतं लोखंड वाजत होतं म्हणतात. तरीही टाटांनी तिथे कारखाना काढला नाही. कामाचा कोळसा आणि पुरेसं पाणी जवळपास नव्हतं. पुढे याच प्रमथनाथ बोसांनी मयूरभंजच्या खनिजाची माहिती कळवली आणि कारखाना साकचीला, म्हणजे जमशेदपूरला गेला. १९०७ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १९१२ मध्ये तिथे पहिलं पोलाद निघालं. दल्ली-राजहराचे डोंगर तसेच राहिले.

हे मी एवढं सविस्तर सांगतोय त्याला कारण आहे. जमिनीत खनिज असणं आणि देशाकडे पोलाद असणं यात फार मोठं अंतर असतं. मध्य भारतातल्या आगरिया लोकांना लोखंड गाळण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्या येत होती. खनिज होतं, विद्या होती. पण मोठं पोलाद करायला खनिज, कोळसा, चुनखडी आणि पाणी एका जागी आणावं लागतं. एक टन लोखंड काढायला दीड टनाहून जास्त खनिज लागतं, शिवाय कोक आणि चुनखडी. हे सगळं रोज, न चुकता, वर्षानुवर्षं. झोतभट्टी एकदा पेटली की ती वर्षानुवर्षं विझवत नाहीत. म्हणजे रेल्वे हवी, धरण हवं, वीज हवी, आणि पैसे परत येण्याची दहा-पंधरा वर्षं वाट बघणारा कोणी हवा.

१९४७ मध्ये आपल्याकडे जमशेदपूरचा कारखाना होता, बंगालमध्ये बर्नपूरला एक, आणि म्हैसूर राज्यात भद्रावतीला विश्वेश्वरय्यांच्या प्रयत्नातून उभा राहिलेला एक. सगळं मिळून वर्षाला साधारण दहा लाख टन तयार पोलाद. एवढ्या मोठ्या देशाला ते कुठे पुरणार? पूल, धरणाचे दरवाजे, विजेचे मनोरे, रेल्वेचे डबे, नांगराचा फाळ, सगळ्यालाच पोलाद हवं. बाहेरून आणायचं तर परकीय चलन हवं, आणि तेच नव्हतं. म्हणून दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत, १९५६ ते १९६१ या काळात, सरकारने एकदम तीन कारखाने हाती घेतले. राउरकेला जर्मन कंपन्यांच्या मदतीने, दुर्गापूर ब्रिटिशांच्या, आणि भिलाई सोव्हिएत संघाच्या. प्रत्येकाची क्षमता दहा लाख टन.

भिलाईचा करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी दिल्लीत झाला. त्या वेळी अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, रायगडाजवळच्या नाते गावचे. कर्जाचा व्याजदर अडीच टक्के आणि फेड बारा वार्षिक हप्त्यांत, तीही रुपयांत. त्या काळी या अटी फार सवलतीच्या होत्या. सोव्हिएत संघ हे धर्मादाय म्हणून करत नव्हता, त्याला भारतात पाय रोवायचे होते. पण एका देशाची गरज आणि दुसऱ्याचा स्वार्थ एकमेकांशी जुळले, आणि आपल्या लोकांनी ती वेळ साधली. तिन्ही कारखान्यांना तीन वेगवेगळे भागीदार, त्यामुळे कुणा एकाच्या ओंजळीने पाणी पिण्याची वेळ आली नाही.

आणखी एक गोष्ट मराठी माणसाच्या सहसा लक्षात नसते. करार झाला तेव्हा दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूर होती. जुन्या मध्य प्रदेशाचे मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल नागपुरातून कारभार बघत होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्याने आखली गेली, विदर्भ मुंबई राज्यात आला आणि दुर्ग मध्य प्रदेशात राहिला. म्हणजे भिलाईचा कारखाना कागदावर जन्मला तो आपल्याच राजधानीच्या राज्यात. दुर्ग नागपूरपासून रेल्वेने अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर. गोंदिया, भंडारा, नागपूरकडची माणसं तिथे सहज गेली. माझे बाबा त्यांच्यातलेच एक.

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. आदल्याच दिवशी ते राउरकेल्याला होते. खनिज दल्ली-राजहराहून, चुनखडी नंदिनीहून, पाणी तांदुळा जलाशयाच्या कालव्यातून, कोळसा शेकडो किलोमीटरवरून रेल्वेने. पन्नास वर्षांपूर्वी टाटांना जे जुळवता आलं नव्हतं, ते आता जुळलं. मध्ये काय बदललं होतं? खनिज तेच होतं. बदललं होतं ते हे, की आता देशाचं स्वतःचं सरकार होतं आणि ते वाट बघायला तयार होतं.

आता या कारखान्याने दिलं काय?

पहिलं, अर्थातच पोलाद. आणि मुख्यतः रूळ. पुढे युद्धनौकांसाठी लागणाऱ्या खास पोलादाच्या जाड पाट्यासुद्धा. 'आयएनएस विक्रांत' या स्वदेशी विमानवाहू जहाजाला लागलेलं पोलाद ज्या तीन सरकारी कारखान्यांतून गेलं, त्यात भिलाई एक.

दुसरं, माणसं. मला हे पोलादाइतकंच मोलाचं वाटतं. सुरुवातीला सोव्हिएत तज्ज्ञ शेजारी उभे राहून शिकवत होते, आपले तरुण अभियंते तिकडे जाऊन शिकत होते. बाबा सांगायचे, रशियन माणसाला हिंदी येत नसे आणि आम्हाला रशियन, पण लालभडक पोलादाकडे बोट दाखवून "अभी नहीं" आणि "अब" एवढं सांगता आलं की काम भागायचं. दशकभरात १० लाख टनांचा कारखाना २५ लाख टनांचा झाला, पुढे ४० लाख टनांचा. हिंदुस्तान स्टीलच्या आरेखन विभागातून रांचीची 'मेकॉन' ही संस्था उभी राहिली, जी पुढे इतरांचे कारखाने आखू लागली. पहिला कारखाना परक्याच्या नकाशावर, पुढचे हळूहळू आपल्या नकाशावर. उद्योग रुजणं म्हणतात ते हेच.

तिसरं, एक गाव. सेक्टरांची वसाहत, शाळा, सेक्टर ९ चं मोठं इस्पितळ, मैत्रीबाग. खेड्यातून आलेल्या मजुराच्या मुलीला चांगली शाळा चालत जाण्याच्या अंतरावर मिळाली. जातीपातीवरून घर नाकारलं जात नव्हतं, कारण घर कंपनी देत होती आणि यादीत ज्याचा नंबर त्याला घर. माझ्या आईला हे फार मोठं वाटायचं. गावाकडे विहिरीवर वेगळी वागणूक पाहिलेल्या बाईला ते वाटणारच.

इथवर आलं की अशी भाषणं सहसा टाळ्यांनी संपतात. पण हिशोब म्हटला की जमेसोबत खर्चही लिहावा लागतो.

खर्चाचं पहिलं कलम आपल्याच वहीत आहे, मुंबई-पुण्याच्या वहीत. १९५६ पासून केंद्र सरकारने पोलादावर भाडे-समानीकरणाचं धोरण लावलं. सोप्या भाषेत सांगतो. कारखान्यापासून तुम्ही कितीही लांब असा, रेल्वे स्थानकावर पोलाद सगळ्यांना एकाच भावाने. वाहतुकीचा सरासरी खर्च भावातच मिसळलेला. म्हणजे भिलाईच्या वेशीवर, रायपुरात लोहारकाम करणारा आणि अकराशे किलोमीटरवरचा मुंबईचा कारखानदार, दोघांना एकच भाव. जवळचा माणूस लांबच्या माणसाचं भाडं भरत होता. हेतू वाईट नव्हता. सगळ्या देशात उद्योग पसरावेत हाच विचार होता. पण झालं असं की ज्या भागांकडे बंदर होतं, भांडवल होतं, कारागीर होते, त्यांना पोलादही स्वस्तात पोचलं. आणि ज्यांच्या डोंगरातून ते निघालं त्या छत्तीसगढ, झारखंड, ओडिशाची जवळ असण्याची सोय काढून घेतली गेली. उलट आपल्याकडच्या कापसाला असं समानीकरण कधी लागलं नाही. हे धोरण १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत टिकलं.

पिंपरी-चिंचवडचा, ठाणे-बेलापूरचा उद्योग नुसता या सवलतीवर उभा राहिला असं मी म्हणणार नाही. कष्ट आणि कौशल्य होतंच. पण "महाराष्ट्र पुढे गेला कारण आम्ही हुशार" असं कोणी म्हणालं की मला दुर्गच्या त्या लोहाराची आठवण होते. आपल्या प्रगतीच्या बिलात त्याचा वाटा आहे आणि त्याला कोणी विचारलं नव्हतं.

दुसरं कलम दल्ली-राजहराचं. भिलाईच्या वसाहतीत पक्की नोकरी, पक्कं घर, इस्पितळ. आणि नव्वदेक किलोमीटरवर खाणीत, त्याच कारखान्यासाठी हाताने खनिज फोडणारे हजारो आदिवासी आणि छत्तीसगढी मजूर ठेकेदाराकडे, तुटपुंज्या रोजावर. एकाच रुळाची दोन टोकं, पण दोन वेगळी जगं. १९७७ मध्ये या मजुरांनी शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली स्वतःची संघटना केली. नियोगी स्वतः एके काळी भिलाईच्या कारखान्यात कामाला होते. त्याच वर्षी २ आणि ३ जूनला पोलिसांनी गोळीबार केला आणि ११ जण मेले. पण संघटना मोडली नाही. मजुरी वाढली, दारूविरुद्ध मोहीम झाली, आणि ३ जून १९८३ ला मजुरांनी स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमातून शहीद रुग्णालय सुरू केलं. ज्या माणसांच्या खनिजावर सेक्टर ९ चं इस्पितळ उभं होतं, त्यांना स्वतःचं इस्पितळ स्वतःच बांधावं लागलं. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे नियोगींची झोपेत गोळी घालून हत्या झाली.

आम्ही मुलं असताना आमच्या घरी या गोष्टी बोलल्या जात नसत. बाबा वाईट माणूस नव्हते. पण आपली पगाराची पावती कुणाच्या रोजावर टेकलेली आहे हे बघायला धीर लागतो, आणि तो आमच्या घरात नव्हता. निवृत्त झाल्यावर एकदा ते मला म्हणाले, "आम्ही रूळ मोजले रे, माणसं मोजली नाहीत." पुढे काही बोलले नाहीत.

तिसरं कलम विस्थापितांचं. कारखाना आणि वसाहत ज्या जमिनीवर उभी आहे, तिथे धानाची शेतं आणि गावं होती. भिलाई हे नावसुद्धा मुळात एका खेड्याचं. काहींना नोकरी मिळाली, पैसे मिळाले. पण कुळाने कसणारा, शेतमजूर, गुराखी, ज्यांचं नाव सातबारासारख्या कोणत्याच कागदावर नव्हतं, त्यांची नुकसानभरपाई कशी मोजणार?

मग काय, कारखाना काढायलाच नको होता? मी असं अजिबात म्हणणार नाही. तो निघाला नसता तर आपण अजून रूळ बाहेरून आणत असतो आणि माझ्यासारखी हजारो मुलं शिकली नसती. मला म्हणायचंय ते एवढंच, की पोलादाचा कारखाना आपोआप विकास करत नाही. तो एका ठिकाणचं उचलून दुसऱ्या ठिकाणी देतो. कुणाचं उचलायचं आणि कुणाला द्यायचं हे माणसं ठरवतात, आणि ते कागदावर ठरतं, भट्टी पेटण्याच्या आधी.

हे आज सांगण्याचं कारण आपल्या दारातच आहे. टाटांना चांदा जिल्ह्यात जे जमलं नव्हतं, ते आता त्याच जुन्या चांद्यातून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीत घडतंय. सुरजागडच्या डोंगरातून खनिज निघतंय, कोनसरीला कारखाना उभा राहिलाय, आणि गडचिरोलीला देशाचं पोलाद केंद्र करायची भाषा सरकार करतंय. तिकडे दल्ली-राजहराचे साठे संपत आले म्हणून भिलाईची नजर रावघाटकडे वळली आहे. डोंगर संपतात. साठ-सत्तर वर्षं हा डोंगराच्या मानाने एक क्षण, पण गावाच्या मानाने तीन पिढ्या.

म्हणून गडचिरोलीसाठी भिलाईच्या वहीतून चार प्रश्न. खाणीतल्या माणसाची नोकरी आणि कारखान्यातल्या माणसाची नोकरी यात किती अंतर राहणार आहे? ज्यांच्याकडे सातबारा नाही, पण पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर जगतात, त्यांना कोणत्या यादीत धरणार? एटापल्लीच्या मुलाला तिथे ट्रकचा चालक होता येईल, की झोतभट्टीचा अभियंताही होता येईल, आणि त्यासाठी शिक्षण आज सुरू झालंय का? आणि डोंगर संपल्यावर त्या गावात काय उरेल?

यातला एकही प्रश्न विकासाच्या विरोधात नाही. भिलाईत हे प्रश्न १९५५ मध्ये विचारले असते, तर उत्तरं मिळाली असती असं नाही. पण ते वहीत लिहिलेले तरी राहिले असते.

पुढच्या वेळी रेल्वेने जाल तेव्हा ऐका. खटक्-खटक् आता येणार नाही. पण एखादा जुना सांधा येतोच, आणि चाक आदळतं. तेव्हा माझ्या बाबांची आठवण काढू नका. दल्लीच्या डोंगरावर घण घेऊन उभ्या असलेल्या त्या बाईची आठवण काढा, जिचं नाव आमच्या घरात कधी कुणी घेतलं नाही.